चार दिवसांत पसंत

ताईचा पेपर सोमवारी पेणहून निघाला आणि गुरुवारी पसंत झाला. पेण ते रोहा हे अंतर तसं काही नाही. मी रोज जातो, कंपनीत शिफ्टला. पण पोस्टाला ते लांब पडतं. एक दिवस जायला, एक यायला आणि एक दिवस पोस्टमन विचार करतो. उरलेल्या वेळात रोह्यात कुणीतरी बत्तीस पानं वाचली, सात वर्षांचे आकडे तपासले आणि ते उत्कृष्ट असल्याचं ठरवलं. मी हिशेब करून पाहिला. त्या माणसाला वाचायला पाऊण तास मिळाला असावा, आणि त्यात जेवण धरलेलं नाही.

ताई म्हणजे निशिगंधा, माझी मोठी बहीण. पेणच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. सहा वर्षं तात्पुरती. दर जूनमध्ये तिला नेमणुकीचं पत्र मिळतं आणि दर एप्रिलमध्ये ती नेमणूक संपते. यंदा, म्हणजे सत्त्याण्णव साली, ती जागा कायमची भरायची होती. मुलाखत पाच फेब्रुवारीला. जाहिरातीत खाली बारीक अक्षरात होतं, 'प्रकाशित संशोधन असल्यास प्राधान्य.' ताईकडे संशोधन होतं. प्रकाशित नव्हतं.

आमचं गाव खाडीकडचं. भरतीचं पाणी वर आणि शेतं खाली, मध्ये मातीचा बांध. नव्वद सालच्या उधाणात तो फुटला आणि अकरा शेतांत खारं पाणी शिरलं. तेव्हापासून दर वर्षी ताई त्या अकरा शेतांतली माती बाटल्यांत भरून आणते आणि तिच्यातलं मीठ मोजते. प्रश्न एकच, खारं झालेलं शेत पुन्हा भाताला कधी लागतं? सरकारी कागदात एक उत्तर आहे, गावात दुसरं आहे, आणि दोन्ही कुणी मोजलेली नाहीत. सात वर्षं आमच्या फळीवर मसाल्याच्या बरण्यांपेक्षा मातीच्या बाटल्या जास्त. एकदा बाबांनी कोलंबीत शेत नंबर पाच घातलं. मीठ बरोबर होतं म्हणाले.

आता ती पत्रिका. नाव लांब होतं, 'सर्व विज्ञानांची अखिल आंतरराष्ट्रीय त्रैमासिक पत्रिका'. पत्ता, पोस्ट बॉक्स नऊ, रोहा. कॉलेजच्या सूचना-फलकावर तिचं पत्रक लागलं होतं. मराठी, हिंदी, इंग्रजी, कुठल्याही भाषेतले आणि कुठल्याही विषयावरचे लेख चालतील. फक्त रजिस्टर पोस्टाने पाठवा, 'स्वहस्ते आणलेले लेख स्वीकारले जाणार नाहीत'. मी रोज रोह्यात असूनही पेपर रजिस्टर पोस्टाने गेला तो यामुळे. मला तेव्हाच वाटलं होतं, ज्याला माणूस समोर नको त्याचं माणसाशी काय वाकडं असेल.

गुरुवारच्या पाकिटात तीन कागद होते. पहिला परीक्षकांचा अभिप्राय. 'लेख उत्कृष्ट आहे. मांडणी समर्पक आहे. उदाहरणे पुरेशी आहेत. स्वीकृत.' वर विषयासाठी जागा मोकळी सोडलेली, तिच्यात हाताने 'खारभूमी' असं निळ्या शाईत. बाकी सगळं काळ्यात. दुसरा कागद ताईला संपादक मंडळावर घेतल्याचा. तिसरा फॉर्म. लेखाचे सर्व हक्क पत्रिकेला, सहाशे रुपये सहकार्य निधी, आणि शेवटी, 'तीस तारखेपर्यंत सही न आल्यास संमती आहे असे समजून लेख छापला जाईल.'

"हे बरं आहे," मी म्हटलं. "नाही म्हणायचं असेल तर सही कुठे करायची?"

"तू गप रे," ताई म्हणाली. पण तिने निळं 'खारभूमी' दोनदा उजेडात धरून पाहिलं.

आमची आय, म्हणजे जनी, तेव्हा उन्हात वाल सोलत होती. आयने वीस वर्षं मिठागरावर काम केलंय. तिला वाचायला फारसं येत नाही, पण कागद हातात धरणाऱ्याचं तोंड वाचता येतं.

"काय लिवलंय?"

"पेपर पसंत पडला."

"कोणाला?"

"संपादकांना. डॉक्टर पोपट शिर्के. रोह्याचे आहेत."

"तू बघितलंस त्याला?"

"नाही गो आय. हे सगळं पोस्टाने असतं."

"घर कुठं?"

"पोस्ट बॉक्स नऊ."

"म्हणजे घराला दार नाय, फट हाय," आय म्हणाली. "काय काय विचारलं त्यानं पेपराचं?"

"काही नाही. उत्कृष्ट आहे म्हणतात."

आयने सोललेला वाल ताटात टाकला. सांगायला हवं, ताईसाठी आलेली अकरा स्थळं आयने चौकशीअंती परत पाठवली आहेत. ताईला लग्न करायचंच नव्हतं, त्यामुळे दोघींचं या बाबतीत चांगलं जमायचं. मुलगा पनवेलचा असला तरी आय त्याच्या गल्लीत जाऊन न्हावी, वाणी आणि समोरची म्हातारी या क्रमाने बोलून यायची.

"चार दिवसांत हो म्हणतो त्या पोरात खोट असते," ती म्हणाली. "आणि मुलीबद्दल एक पण प्रश्न नाय इचारत, त्याच्यात दोन असतात."

"माझा पेपर म्हणजे लग्नाची मुलगी नाही."

"नायच. मुलीला तोंड हाय. वाईट निघालं तर परत येऊन सांगेल तरी."

ताई यावर चिडली, कारण ते बरोबर होतं. एकदा एका ठिकाणी छापलेला पेपर दुसरीकडे कुणी घेत नाही. पुण्याची एक जुनी पत्रिका होती. ती दोन जाणकारांना वाचायला देते, ते शंका काढतात, आपण उत्तरं द्यायची, मग पुन्हा वाचतात. चौदा महिने. ताईकडे तीन आठवडे होते. आणि रोह्याच्या पत्रिकेत पेपर गेला, आणि ती पत्रिका म्हणजे नुसता कागद निघाला, तर सात वर्षं त्या कागदात जाणार होती. सही केली तरी आणि नाही केली तरी.

"एक तरी शंका काढायला हवी होती त्यांनी," ताई शेवटी पुटपुटली. "बत्तीस पानांत एक तरी असतेच."

"विशाल," आय मला म्हणाली, "तुझी सुट्टी मंगळवारी ना? मना रोह्याला ने."

मंगळवारी आयने ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि पिशवीत पोह्याचे पापड घेतले. चौकशीला रिकाम्या हाताने जायचं नसतं. गाडीत ती खिडकीपाशी बसून बाहेर पाहत होती. निडीला गाडी विनाकारण थांबली तेव्हा म्हणाली, "डॉक्टर कशाचा?"

"लिहिलेलं नाही."

"सुई टोचत असता तर लिवलं असतं."

रोह्याच्या पोस्टात खिडकीमागे एक क्लार्क होता. मी विचारलं, नऊ नंबरची पेटी कुणाची. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या बायकोचं वय विचारलंय.

"तसं सांगता येत नाही. खात्याचा नियम आहे."

आयने मला बाजूला सारलं. "बाबा, मुलीचं बघतोय."

क्लार्कचा चेहराच बदलला. त्याने पेन ठेवलं. "मग सांगायलाच पाहिजे," तो म्हणाला. "वरसे. भाताच्या गिरणीमागे. कृष्णाबाईंच्या खोल्या आहेत, त्यांतली शेवटची. माणूस सरळ आहे. पत्रं फार येतात, पण कधी तक्रार नाही." पलीकडे पत्रं लावणारा पोस्टमनही मान हलवून हसला आणि लगेच सायकल काढून कुठेतरी गेला. टपाल इतक्या वेगाने निघालेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

बाहेर आल्यावर मी आयला म्हटलं, "खोटं का बोललीस?"

"काय खोटं? मुलगी हाय. बघतोय पण हाय."

वरसे रोह्याला चिकटूनच आहे. गिरणीसमोर गोविंदा नावाच्या गृहस्थाची चहाची टपरी होती. आयने चहा सांगितला, पापड पुढे केले आणि स्थळाची चौकशी सुरू केली.

"पोपटराव ना?" गोविंदा म्हणाला. "लाखात एक. चाळिशी आली, पण विडी नाय, तंबाखू नाय. दिवसभर टाइप करतो. आवाज येतो ना, टकटक. मी तर घड्याळ लावतो त्याच्यावर."

"घरी कोण येतं-जातं?"

"कोण नाय. नुसती पाकिटं येतात. पोत्यानं."

शेजारी बसलेला गिरणीवाला म्हणाला, इतका मोठा विद्वान पण गर्व नाही. पलीकडचा शिंपी कात्री घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, मुलगी सुखी राहील. खोल्यांची मालकीण कृष्णाबाई दारातच भेटली. तिनेही सांगितलं, असा भाडेकरू शोधून मिळायचा नाही, आणि असा जावईही.

आय एकेकाचं ऐकत होती आणि तिच्या कपाळावरच्या आठ्या वाढत होत्या. आम्ही गिरणीच्या भिंतीच्या सावलीत उभे राहिलो.

"सगळे चांगलंच सांगतात की," मी म्हटलं.

"तेच तर. चाळीस वर्षांचा, शिकलेला, निर्व्यसनी, आणि रोह्याच्या एकाही बापानं त्याला पकडला नाय?" मग तिने कपाळावर हात मारला. "आपलंच चुकलं रे."

"काय?"

"स्थळ म्हणून इचारलं. स्थळाबद्दल कोण खरं सांगतंय? लग्न मोडल्याचं पाप कोण घेतो? गडबच्या पाहुण्यांना आपल्या शेजारच्या हितेशबद्दल मी काय सांगितलं होतं?"

"ताक पितो म्हणून."

"व्हय. ताक." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "चल. आता खोली द्यायचीय म्हणून इचारू."

मला वाटलं, आता दुसऱ्या गल्लीत जायचं असेल. आय सरळ गोविंदाच्या टपरीवर परत गेली. तेच बाकडं, तोच गोविंदा, तेच आमचे रिकामे ग्लास अजून समोर.

"लग्नाचं ऱ्हायलं," आय म्हणाली. "पण तो पेणला खोली बघतोय म्हणे. आमची एक रिकामी हाय. द्यावी काय?"

गोविंदाने क्षणभर विचार केला. लाजबीज काही नाही. "नका देऊ," तो म्हणाला.

"का?"

"पोत्यानं पाकिटं येतात. खोलीत पाय ठेवायला जागा नाय. भिंतीला वाळवी लागली. वर डॉक्टर लावतो. कसला डॉक्टर? बारावीला आमच्या रघूबरोबर होता. दोघं एकत्रच बसले आणि एकत्रच नापास झाले."

गिरणीवाल्याने सांगितलं की रात्री टकटक असते ती वेगळीच, झोप येत नाही. शिंपी आतूनच ओरडला की पाच रुपये उसने नेलेत त्याला दिवाळी झाली. फक्त कृष्णाबाई आपल्या शब्दावर ठाम राहिली. असा भाडेकरू शोधून मिळायचा नाही, ती म्हणाली, आजच घेऊन जा. तिला तो जायला हवा होता. चौकशी करताना कोण काय म्हणतो याबरोबर त्याला त्यात काय मिळतं हेही बघावं लागतं, हे मी त्या दिवशी शिकलो. ताई सांगते, संशोधनातही असंच असतं.

"पण त्या पत्रिकेत मोठीमोठी नावं आहेत," मी गोविंदाला म्हटलं. "संपादक मंडळ आहे."

"आहे ना. मी आहे त्यात."

त्याने साखरेच्या डब्यामागून एक अंक काढला. पहिल्याच पानावर यादी होती. 'प्रा. डॉ. गोविंदा, पेयविज्ञान. डॉ. (श्रीमती) कृष्णाबाई, गृहव्यवस्थापन. प्रा. रघू, धान्यशास्त्र.' रघू म्हणजे गिरणीवाला. नापास झालेला तोच. तो मान खाली घालून चहा ढवळायला लागला, चहा संपलेला असूनही.

"मग तुम्ही लेख वाचता?" मी विचारलं.

"माझा चष्मा फुटलाय," गोविंदा म्हणाला. "आणि त्यानं कधी दिलाच नाय. नाव घालू काय म्हणाला, मी म्हटलं घाल. नावाला काय खायला लागतंय?"

मी अंक चाळला. खताचा एक लेख, गणिताचा एक, कवितेचा एक आणि दातांचा एक. एका लेखाची पानं उलटी लागली होती आणि ते कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नव्हतं, लिहिणाऱ्याच्यासुद्धा. आयला मी एवढंच सांगितलं, की हे छापतात पण वाचत कुणी नाही.

"तरीच परीक्षा चार दिवसांत," आय म्हणाली.

आम्ही शेवटच्या खोलीकडे वळलो तर दार सताड उघडं. पोस्टमनची सायकल भिंतीला टेकलेली होती. बातमी आमच्या आधी पोचली होती. आत डॉक्टर पोपट शिर्के नुकतीच दाढी करून, पांढरा शर्ट घालून खुर्चीवर बसले होते. दाढीचा साबण एका कानात राहिला होता. चौफेर पाकिटं, कॉटखाली पाकिटं, टाइपरायटरवर पाकिटं. मधे एका स्टुलावर दोन बशांत पोहे.

"या," ते म्हणाले. "पण आधीच सांगतो, मी घाई करणारा माणूस नाही."

आय कॉटच्या कडेवर बसली. मी उभाच राहिलो, कारण बसलो असतो तर कुणाच्या तरी प्रबंधावर बसलो असतो.

"मुलीचं नाव?"

"निशिगंधा."

"शिक्षण?"

"एमएस्सी. कॉलेजात शिकवते."

"कायम की तात्पुरती?" त्यांनी वही काढली. "वय? पत्रिका आणलीय? मूळ की नक्कल? नक्कल असेल तर मी धरत नाही. आणि स्थळ तुमच्याकडून आलं, तेही न विचारता. हे जरा संशयास्पद नाही का? मुलीत काही दोष? आधी कुठे ठरून मोडलं? कुणी मोडलं, त्यांचा पत्ता?"

मी घड्याळ पाहत होतो. बावीस मिनिटांत त्यांनी अठ्ठेचाळीस प्रश्न विचारले. काही दोनदा विचारले, उत्तरं जुळतात का ते पाहायला. ताईच्या मामांचं गाव त्यांनी तीन प्रकारे काढून घेतलं. माणसाला परीक्षण येत नव्हतं असं अजिबात नाही.

"माझे मामा महाडला असतात," ते शेवटी म्हणाले. "ते पेणला येऊन स्वतंत्र चौकशी करतील. कमीत कमी दोन महिने लागतील. आयुष्याचा प्रश्न आहे. असं चार दिवसांत हो म्हणायला मी काय वेडा आहे?"

आयने पोह्यांची बशी खाली ठेवली. एक घासही न खाता.

"तुम्ही गुरुवारी हो म्हणालात," ती म्हणाली.

"कुणाला?"

"माझ्या मुलीच्या पेपराला. सात वर्षांचा हाय. अकरा शेतांचा. सोमवारी निघाला, गुरुवारी पसंत. मामा नाय आले महाडवरून."

शिर्क्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पोस्टमनची सायकल दिसते का ते दाराबाहेर पाहिलं. ती नव्हती. कानातला साबण एव्हाना वाळला होता.

"ते निराळं," ते म्हणाले. "तो नुसता लेख आहे. त्यांना छापून हवं असतं, मी छापतो. कोण वाचतंय? मी कुणावर जबरदस्ती करत नाही. सही केली नाही तरी छापतो, एवढी सोय कोण देतं? पेणचे एक सर आहेत, सहा छापले त्यांचे. ते वरच्या जागेवर जातील. कुणाचं नुकसान झालं?"

पेणचे ते सर पाच तारखेच्या मुलाखतीत दुसरे उमेदवार होते. पण हे मला नंतर ताईकडून कळलं.

"आमचा छापायचा नाय," आय म्हणाली. "परत द्या."

"तसं करता येत नाही. आलेला लेख परत करायची आमच्याकडे पद्धत नाही. अंक प्रेसला जायचाय."

"पद्धत नाय?" आयचा आवाज चढला नाही. ती नुसती उठून दारात उभी राहिली, जिथून ती गोविंदाला, गिरणीवाल्याला, शिंप्याला आणि कृष्णाबाईला दिसत होती, आणि तिथून तिने गल्लीला ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, "स्थळ जमत नसेल तर फोटो आणि पत्रिका परत करायची का नाय? का वरशाला निराळी रीत हाय?"

टपरीवरची कपबशीची किणकिण थांबली. मुलीची पत्रिका दाबून ठेवणारा माणूस, एवढं नाव झालं की पुढे त्याला मुलगी कोण दाखवणार? डॉक्टरेट नसली तरी चालते. हे चालत नाही.

शिर्के गुडघ्यावर बसले आणि कॉटखाली शिरले. एक पाकीट, दुसरं पाकीट, उंदराने कुरतडलेलं तिसरं. शेवटी ताईचं खाकी पाकीट निघालं. पाठीमागे तिच्या वळणदार अक्षरात 'खारभूमी: अकरा शेतांची सात वर्षे'. आडव्या-उभ्या चार चिकटपट्ट्या, ती नेहमी लावते तशा, चारही शाबूत.

पाकीट उघडलेलंच नव्हतं.

"वेळ मिळाला नाही," शिर्के म्हणाले.

आयने ते घेतलं आणि लुगड्याच्या पदराने धूळ पुसली. पापडाचं एक पुडकं उरलं होतं. ते तिने स्टुलावर ठेवलं आणि आम्ही निघालो.

संध्याकाळी ताई कॉलेजातून आली. आम्ही तिला सगळं सांगितलं. गोविंदाच्या पेयविज्ञानावर ती हसली नाही. तिने ओट्यावर बसून पाकीट उलट-सुलट केलं आणि चिकटपट्टीवरून नुसतं बोट फिरवत राहिली.

"अभिप्रायाचं पत्र अजून आहे माझ्याकडे," ती मला म्हणाली. "मुलाखतीत ते दाखवलं तरी चालेल. 'स्वीकृत' असं लिहिलंय. त्यांचे सहा आहेत. माझा एक."

"मग दाखव."

"दाखवू?"

तिला माझं उत्तर नकोच होतं. पाच तारखेचं आताच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही तिकडे डोळे लावून बसणार नाही. तिने ते पत्र नेलं नाही. 'प्रकाशित काय?' असं विचारल्यावर 'काही नाही' म्हणाली. जागा सहा पेपरवाल्या सरांना मिळाली. ताईला जूनपासून पुन्हा तात्पुरतं पत्र, दुसऱ्या वर्गासाठी.

पण त्या संध्याकाळी पाकीट अजून तिच्या मांडीवर तसंच होतं. मग आय तिच्याशेजारी येऊन बसली.

"फोड ते. मना सांग काय लिवलंस. एवढं आणलं तर कळू दे तरी."

ताईने पट्ट्या कापल्या. एकेका शेताचं सांगत गेली, साधं करून, आकडे बोटांवर. आय मधे मधे 'व्हय' म्हणत होती. पहिलं शेत तिसऱ्या पावसाळ्यात गोडं झालं. दुसरं चौथ्या. तिसरं शेत मात्र सात वर्षांत गोडं झालंच नाही, आणि ते का, यावर ताईने पाच पानं लिहिली होती. तिथली माती चिकट, निचरा कमी, मीठ धरून बसते. पेपरातला सगळ्यात चांगला भाग होता तो. आकृतीसुद्धा होती.

"तिसरं म्हणजे कान्हूचं?"

"हो."

"ते मातीनं नाय खारं," आय म्हणाली. "कान्हू उघाडी उघडतो."

उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार; ते उघडं राहिलं की भरतीचं खारं पाणी आत येतं. ताईने पेन्सिल खाली ठेवली.

"कधी?"

"दर वर्षी. पाऊस गेला की. जिताड्याची पिल्लं आत घ्यायला. भातापेक्षा मासा परवडतो म्हणतो."

"सात वर्षं तू मला सांगितलं नाहीस?"

"सात वर्षं तू माती इचारत होतीस. कान्हूचं कधी इचारलंस?"

ताईने पाच पानांकडे पाहिलं. मला वाटलं, रडणार. ती रडली नाही. तिने एकेक पान वेगळं काढलं आणि त्यांवर मोठी फुली मारली, आणि फुली मारताना तिचा चेहरा त्या गुरुवारपेक्षा खूप बरा दिसत होता. मग म्हणाली, "पण हे तुझं म्हणणं झालं. कान्हूला विचारायला हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीच्या वेळी आम्ही तिघं बांधावरून गेलो. कान्हू उघाडीपाशीच होता, तिच्याच फळीवर बसून जाळं नीट करत. आम्हाला पाहून त्याने फळीवर पाय सोडले, ती झाकायला.

"काय गो जनी, सकाळीच?"

आयने तोंड उघडलं. तिच्या डोक्यात एव्हाना कुठल्या निमित्ताने विचारायचं ते तयार असणार. ताईने तिचा हात धरला.

"कान्हूकाका," ती म्हणाली, "तुम्ही दर वर्षी उघाडी उघडता काय? मी शेतांवर लिहितेय. खरं काय ते हवंय. तुमचं नाव घालणार नाही."

कान्हूने खाडीकडे पाहिलं. जाळ्यातली एक गाठ सोडवली आणि पुन्हा मारली.

"छापून येणार हाय?"

"माहीत नाही. पुण्याला पाठवणार. ते वाचतील, शंका काढतील. चौदा महिने लागतील. कदाचित नाहीच म्हणतील."

"म्हणजे छापायचं नक्की नाय."

"नाही."

"मग सांगतो," कान्हू म्हणाला आणि फळीवरून बाजूला सरकला. "लिवून घे. एक्क्याण्णवपासून. पण ब्याण्णवला नाय हां. ब्याण्णवला मी आजारी होतो."

ताईने वही उघडली आणि नव्या पानावर आकडे मांडायच्या आधी त्याला पहिला प्रश्न विचारला. मी मोजत होतो. चाळीसच्या वर गेल्यावर सोडून दिलं, कारण माझी दुसरी शिफ्ट होती.